सातेरी मधमाश्यांच्या पेट्या दाखवायच्या आहेत, 13 जणांचे कपडे 10 हजारांत कसे बसवावेत?

जावळीखोरं
आमच्या बचत गटाच्या सातेरीच्या 12 पेट्या आहेत. पेट्या उघडणाऱ्या आम्ही तिघी. जानेवारीपासून शाळांच्या सहली आणि पर्यटक येणार आहेत, एका वेळी दहा जण धरा. म्हणजे तिघींचे पूर्ण पोशाख आणि दहा पाहुण्यांसाठी निदान तोंड झाकेल इतकं तरी हवं. खात्यात 10 हजार आहेत. ऑनलाइन तयार सूट बघितले, तेरा घ्यायचे म्हटलं तर गटाचं वर्षभराचं मध विकून टाकावं लागेल. गावात मशीन आहे, शिवणारी आहे. काय विकत घ्यावं, काय शिवावं, कापड कोणतं आणि किती लागेल? मापांसकट सांगितलंत तर उपकार होतील. मच्छरदाणीच्या जाळीचं चालेल का, हाही प्रश्न आहे.

पेटीचौकट
ताई, आधी मच्छरदाणीचं. नको. ती मऊ असते, वारा आला की नाकाला, गालाला चिकटते आणि माशी बाहेर बसून जाळीतून डंख मारते. शिवाय स्मोकरची (धूर देण्याच्या डब्याची) ठिणगी उडाली की भोक पडतं, आणि ते भोक नेमकं माशीला आधी सापडतं.

हार्डवेअरच्या दुकानात खिडक्यांना लावायची फायबरची जाळी मीटरवर मिळते, काळी किंवा करडी. ती घ्या. काळीच घ्या, पांढऱ्या जाळीतून उन्हात पोळ्याच्या चौकटीतली अंडी दिसत नाहीत. छिद्र दीड मिलिमीटरच्या आसपास असतं, सातेरीची कामकरी माशी 10-11 मिलिमीटर लांबीची, त्यामुळे आत शिरायचा प्रश्न नाही. ही जाळी ताठ राहते, हेच तिचं मोल.

माप असं. 120 सेंटिमीटर पन्ह्याची जाळी घेतली तर पन्हाच घेराला पुरतो. उंची 50 सेंटिमीटर कापा. म्हणजे एका मीटरात दोन टोपी-जाळ्या, तेरा जणांना साडेसहा, वाया जाईल ते धरून सात मीटर. कापलेल्या कडांना सुती पट्टी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. फायबरचे बारीक तुकडे गळतात आणि मानेला खाज सुटते, मग लोक हात आत घालून खाजवायला लागतात.

टोपी ताठ कडेची हवी, कड 8 सेंटिमीटर तरी. गवताची किंवा वेताची स्वस्तातली चालते. क्रिकेटची मऊ टोपी अजिबात नको, कड लोंबली की जाळी कपाळावर टेकते. जाळीच्या मध्यावर, हनुवटीच्या जरा खाली, कापडी बोगदा शिवून त्यात ठिबकची 12 मिलिमीटरची नळी घाला. 110 सेंटिमीटर तुकडा, टोकं ठिबकच्याच जोडाने जोडायची. 35 सेंटिमीटर व्यासाचं कडं तयार होतं आणि जाळी चारी बाजूंनी चेहऱ्यापासून लांब राहते. तार घातली तर ती एकदा वाकली की सरळ होत नाही. नळी बसलं-उठलं तरी आपल्या आकारावर येते.

जाळीच्या खाली 15 सेंटिमीटर मांजरपाटाचा घेर जोडायचा, खालच्या कडेत नाडी. नाडी तीन मीटर घ्या, म्हणजे दोन्ही बगलेखालून मागे नेऊन फुली मारून पुढे छातीवर बांधता येते. नुसती गळ्याशी बांधलेली नाडी वाकलं की सैल पडते आणि मागून मानेजवळ फट उघडते. माश्या तिथूनच आत जातात.

पैशाचा अंदाज मोकळेपणाने देतो, दर तालुक्यागणिक बदलतील. टोपी-जाळी सगळी मिळून साधारण 230 रुपयांना एक, तेरांचे 2,990. तिघींचे पोशाख कापड-शिलाई-चेन धरून 1,200 प्रत्येकी, म्हणजे 3,600. हातमोजे 450, गमबूट 1,050. बेरीज 8,090. उरलेले 1,900 पाहुण्यांच्या पायजम्यांसाठी ठेवा, ते लागतीलच.

आणि एक. खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्या आणि साहित्यावर 50 टक्के अनुदान असतं. साहित्याच्या यादीत जाळी-हातमोजे बसतात का, हे जिल्हा कार्यालयात किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात आधी विचारा, मग खरेदी करा. बिल आधी झालं की मागाहून कोणी विचारत नाही.

टीपवाली
शिवणाचं मी सांगते. तिघींसाठी डांगरी म्हणजे बॉयलर सूटच शिवा, जाकीट-पँट वेगळं नको. वाकलं की कमरेला दोघांच्या मधे उघडं पडतं.

कापड सुती ड्रिल, पांढरं किंवा फिकट बदामी. 58 इंच पन्ह्याचं साडेतीन मीटर एका मध्यम बांध्याच्या बाईला पुरतं. 36 इंची मांजरपाट घेतलं तर साडेपाच धरा, आणि ते पातळ असेल तर खांदे, कोपर, गुडघे आणि पाठीचा वरचा भाग दुहेरी करा. डंख लागतो तो जिथे कापड अंगाला ताणून बसतं तिथे. म्हणून जाडीपेक्षा ढिलाई महत्त्वाची. जाड कॅनव्हास घेऊन फिटिंगचं शिवलं तर पैसे आणि घाम दोन्ही वाया.

कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ड्रिल पहिल्या धुण्यात आटतं, आणि आटलेल्या डांगरीत उकिडवं बसता येत नाही. तयार कपड्याचा छातीचा घेर अंगापेक्षा 10 इंच जास्त. बैठकीत 2-3 इंच जादा सोडा. बाही 2 इंच लांब, कारण पेटीवर हात पुढे गेले की बाही वर सरकते. मनगटाला 1 इंची इलॅस्टिक, 16-17 सेंटिमीटर लांब, आणि त्याच्या आत अंगठ्यात अडकवायला एक छोटा इलॅस्टिकचा फास. हा फास दोन रुपयांचा आहे आणि बाही जागेवर ठेवण्याचं सगळं काम तोच करतो. घोट्याशीही तेच इलॅस्टिक.

चेन जाड दातांची प्लास्टिकची. बारीक नायलॉनची चेन मेणाने दोन महिन्यांत अडकते. चेनीवर आतून कापडाची पट्टी हवी. वरचं टोक संपतं तिथे गळ्याशी बोटभर फट राहते, तिच्यावर 5 बाय 7 सेंटिमीटरचा वेल्क्रोचा तुकडा लावा. तयार सूटमध्येही माशी आत शिरते ती याच कोपऱ्यातून.

खिसा बाहेरून एकच, छातीवर, झाकणाचा. उघड्या खिशात माशी जाऊन बसते आणि घरी कपडे काढताना चावते. पॅडिंग, कॉलर, बटणं, लेस काहीही नको. लोकरीचं, केसाळ, रोएंदार कापड तर आतल्या स्वेटरलाही नको, माशीचे पाय त्यात अडकले की ती चिडते.

ताम्हिणीपलीकडे
वरच्या दोघांचं बहुतेक पटलं, हातमोज्यांवर मात्र 450 रुपये घालवण्याआधी थांबा. जाड चामड्याच्या हातमोज्यात बोटाला काही कळत नाही. चौकट उचलताना तिच्या कानाखाली (टोकाच्या पकडीखाली) माशी चिरडते, तिचा इशाऱ्याचा वास सुटतो आणि बाकीच्या तिथेच येतात. त्या वासातला मुख्य घटक आयसोअमाइल अॅसिटेट, पिकलेल्या केळ्याच्या वासातही तोच असतो. (म्हणून पेट्यांजवळ केळी खाऊ नका, हे जुने मधपाळ उगीच सांगत नाहीत.) चामड्यात एकदा नांगी रुतली की वास मुरतो, पुढच्या वेळी पेटी उघडण्याआधीच हाताभोवती माश्या घिरट्या घालतात.

सातेरीला भांडी घासायचे लांब रबरी हातमोजे पुरे आहेत, 12 इंचांपेक्षा लांब बघा. त्यांच्या वरच्या टोकाला जुन्या जीन्सच्या पायाचा 25 सेंटिमीटरचा तुकडा जोडा, वर इलॅस्टिक. कोपरापर्यंत झाकतं, खर्च जवळपास शून्य. आत सुती पातळ हातमोजे घातले तर घामाने हात पांढरे पडत नाहीत. बांधकामावरचे तळव्याला रबर आणि पाठीला विणलेलं कापड असलेले हातमोजे मात्र फसवतात, पाठीकडून सरळ डंख लागतो.

सातेरी राळ गोळा करत नाही, त्यामुळे रबर चिकट होत नाही, वर्षभर चालतात. मेलिफेरावाल्यांचं, म्हणजे इटालियन माश्या पाळणाऱ्यांचं, तसं नसतं.

गमबुटांबद्दल. पायजमा बुटात खोचू नका. चौकट झटकताना खाली पडलेल्या माश्या बुटाच्या उघड्या तोंडात जातात, आणि माशीचा स्वभाव वर चढायचा. डांगरीचं घोट्याचं इलॅस्टिक बुटाच्या बाहेरून, बुटावर बसू द्या. गमबूट नसतील तर साधे बूट, आणि मोजे पायजम्यावरून ओढून घ्या. काळे मोजे नकोत. काळ्या आणि चामड्याच्या वस्तूंवर माश्या आधी जातात, घड्याळाचा चामडी पट्टा तर हमखास.

जावळीखोरं
सगळ्यांचे आभार, मापं वहीत उतरवून घेतली. आता पाहुण्यांचं. बायका साडीत येतात, मुलं अर्ध्या चड्डीत. टोप्या दहा जणांच्या डोक्यावरून फिरणार, म्हणजे उवांची भीती. आणि लहान मुलांना मोठ्यांची जाळी घातली तर चालेल का? कुणाला डंख लागलाच तर काय तयारी हवी?

सहलप्रमुख
पाहुण्यांना पूर्ण सूट देऊच नका. सूट घातला की माणूस धीट होतो, पेटीत डोकं घालतो, आणि त्याला चेन लावता आली आहे की नाही हे तुम्हाला दिसत नाही. टोपी-जाळी, पूर्ण बाह्या, पाय झाकलेले आणि तीन मीटर अंतर, एवढ्यात सातेरीच्या पेट्या बघता येतात. अंतराची रेघ जमिनीवर चुन्याने आखा. रेघ पेटीच्या मागच्या बाजूला. माश्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेत, दाराच्या पुढे, दहा जण उभे राहिले तर गोळा झालेल्या माश्या त्यांच्या छातीवर आदळतात.

तुकडी दहाची असली तरी पेटीजवळ पाच-पाच न्या, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. बाकीचे पाच लांब मांडवात रिकामी चौकट, मेणपत्रा बघत बसतील. वेळ सकाळी नऊ ते अकरा. ढगाळ, वाऱ्याचा दिवस असेल तर पेटी बंदच राहू द्या, सगळ्या माश्या घरात असतात आणि चिडलेल्या असतात. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, फुलोरा कमी, वसाहती अशक्त, तेव्हा सहली घेऊच नका. जांभूळ फुलला की माश्या कामात असतात, त्या दिवसांत बुकिंग घ्या.

साडीचं: खालून वर चढणारी माशी साडीत थांबवता येत नाही. पातळ सुती पायजमे शिवा, कमरेला नाडी, घोट्याला इलॅस्टिक, साडीच्या आतून घालायचे. तीन मापांत आठ शिवले तरी पुरतात, कारण अर्धे लोक पँट-सलवारीत येतात. साडी गुडघ्याच्या वर खोचून घ्यायला सांगा, लोंबता पदर कमरेला. शाळेला आधीच कळवा: पूर्ण पँट, पूर्ण बाह्या, फिके रंग, बंद बूट. ज्याने आणलं नाही तो मांडवात. यात भिडेला पडू नका. गजरा, अत्तर, डोक्याला भरपूर वासाचं तेल, तीही माणसं मांडवात.

मुलांना मोठ्यांची टोपी डोळ्यांवर उतरते, मग ती वर करताना मूल जाळी उचलतं. मुलांसाठी टोपीच्या आत कपाळाला स्पंजाची पट्टी शिवा, माप जुळतं. जाळीची उंची 50 ऐवजी 42 सेंटिमीटर ठेवली तर कडं हनुवटीखाली नीट येतं. दहांपैकी सहा तरी मुलांच्या मापाच्या करा. उवांसाठी टोपीच्या आधी प्रत्येकाने आपला रुमाल डोक्याला बांधायचा, विसरला तर तुमच्याकडचा धुतलेला.

नाडी बांधणं पाहुण्यांवर सोडू नका. तुमच्यापैकी एकीने प्रत्येकाला हात वर करायला, मग खाली वाकायला लावून मागून मान तपासायची. दहा जणांना पाच मिनिटं लागतात.

जाळीच्या आत माशी शिरली तर काय, हे आधीच शिकवा. ओरडायचं नाही, टोपी काढायची नाही, पेटीकडे पाठ करून चालत 20 मीटर जायचं, मग एकीने जाळी उचलायची. पेटीजवळ टोपी काढणाऱ्याला एकाच्या जागी दहा डंख लागतात.

तयारी: डंख लागला की नांगी ताबडतोब नखाने खरवडून काढा. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं, कारण बाहेर राहिलेली विषाची पिशवी काही सेकंदं विष ढकलत राहते. त्या जागेवर स्मोकरचा हलका धूर द्या म्हणजे वास झाकला जातो, मग साबण-पाणी आणि थंड फडकं. सूज, दुखणं, लाली हे नेहमीचं. पण अंगभर गांधी, ओठ किंवा जीभ सुजणं, घरघर, उलट्या, चक्कर यांतलं काही दिसलं तर लगेच 108 लावा. त्यावर औषध अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, सेट्रिझिनची गोळी नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आहे का, हे सहलीच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. येणाऱ्यांना नोंदणीतच विचारा: पूर्वी डंखाने श्वास अडकला होता का, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे का. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यावर अॅड्रेनलिनचा परिणाम नीट होत नाही. अशी माणसं पेट्यांपर्यंत न्यायची नाहीत, जाळी कितीही चांगली असो.

बालाघाटी
मेलिफेरावाल्याची भर, कारण पुढेमागे गट इटालियन माश्यांकडे वळला तर उपयोगी पडेल. मेलिफेराची वसाहत मोठी, उघडली की अंगावर येणाऱ्या माश्याही जास्त, आणि आमच्याकडे सूर्यफुलाच्या पट्ट्यात एप्रिलमध्ये ड्रिलची डांगरी म्हणजे भट्टी. लोक मग चेन अर्धी उघडी ठेवून काम करतात आणि सूट घातल्याचा उपयोगच राहत नाही. तीन थरांच्या जाळीदार सूटचं तत्त्व साधं: माशीची नांगी दोन-अडीच मिलिमीटर, थर त्याहून जाड ठेवला की हवा जाते, नांगी पोचत नाही. गाडीच्या सीट कव्हरवाल्याकडे 5-6 मिलिमीटरची थ्री-डी एअर मेश मिळते, तिचं जाकीट शिवता येतं. दोन अडचणी. खांद्यावर वजनाने ती दबते, तिथे वरून ड्रिलचा तुकडा लावावाच लागतो. आणि मेशच्या बाहेरच्या बाजूची छिद्रं मोठी असतील तर माशीचे पाय अडकतात, म्हणून बारीक छिद्राची बघून घ्या. सातेरीला हे सगळं गरजेचं नाही, सकाळी लवकर काम उरका.

आग्याबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. पाहुण्यांना जवळच्या झाडावरचं आग्याचं मोहोळ दाखवायचा मोह होतो. या टोपी-जाळ्या आणि एकेरी ड्रिल त्यासाठी नाहीत. आग्या माशी सातेरीच्या जवळपास दुप्पट लांबीची, नांगीही मोठी, आणि ती पाठलाग करते. पेट्यांपासून नजरेच्या टप्प्यात आग्या बसला असेल तर त्या दिवशी स्मोकर पेटवू नका, धूर तिकडे गेला तर सगळे अडचणीत. उठलाच तर पळत बंद खोलीत किंवा गाडीत काचा वर करून, पाण्यात उडी मारून नाही. माश्या पाण्याच्या वर येऊन थांबतात.

टीपवाली
धुण्याचं राहिलं. प्रत्येक सहलीनंतर जाळ्यांचा खालचा कापडी घेर आणि डांगऱ्या धुवायच्या, नांग्या आधी चिमट्याने काढून. बादलीभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजत. वास जातो आणि मेणही सैल होतं. राहिलेलं मेण असेल तर कापडावर खाली-वर जुना कागद ठेवून गरम इस्त्री फिरवा, कागद ओढून घेतो. फायबरची जाळी पिळायची नाही, नुसती विसळून दोरीवर, नाहीतर मोडते आणि घड्या पडलेल्या ठिकाणी तुटते. कंडिशनर, सुगंधी पावडर टाळा.

थाई सॅकब्रूडची (सातेरीच्या अळ्या मारणाऱ्या विषाणूरोगाची) लागण दिसलेल्या पेटीवर वापरलेले हातमोजे तसेच दुसऱ्या पेटीवर नेऊ नका. रबरी असल्याने सोड्याच्या पाण्यात लगेच धुता येतात, चामड्याचे नको म्हणण्याचं हेही एक कारण.

ठेवताना टोप्या एकात एक घालू नका, कडं दबतं. खुंटीवर टांगा. आणि कपड्यांच्या पेटाऱ्यात डांबरगोळ्या टाकू नका. त्यांचा वास मेणात मुरतो आणि माश्यांनाही घातक. वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाची पत्र्याची पेटी पुरते, उंदीर मात्र पाल्याला जुमानत नाहीत, म्हणून झाकण बघून घ्या.

जावळीखोरं
डांबरगोळ्यांचं बरं सांगितलंत, गटाच्या पेटाऱ्यात आत्ताच आहेत, काढते. आठवड्यात एक जाळी शिवून बघतो आणि 12 मिलिमीटरच्या नळीचा जोड तालुक्याला मिळतो का ते विचारतो.

पेटीचौकट
मिळेल, ठिबकवाल्याकडे. नाही मिळाला तर नळीचं एक टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि दुसऱ्या टोकात आतून पेनाची जुनी नळी घालून दाबून बसवा. पहिली जाळी तयार झाली की ती घालून भर उन्हात उभ्या राहा आणि बाजूच्या बाईला नाकापासून जाळीपर्यंत किती अंतर आहे ते मोजायला सांगा. वाकल्यावरही चार बोटं राहिलं पाहिजे. कमी भरलं तर टोपी बदला, जाळी नाही.